मी कायबी दाबलो न्हाई

आमच्या घरात "नेट गेलं" हे वाक्य दिवसातनं चार-पाच वेळा तरी ऐकू यायचं, आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा असायचा. पोरगा म्हणायचा तेव्हा त्याच्या क्लासचा व्हिडिओ गोल गोल फिरत असायचा. नवरा म्हणायचा तेव्हा प्रिंट निघत नसायची. मामा, म्हणजे माझे सासरे, ते म्हणायचे तेव्हा टीव्हीवरचं कीर्तन मध्येच थांबलेलं असायचं. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या काहीच म्हणायच्या नाहीत. टॅब बंद करून उशाशी ठेवून द्यायच्या आणि आपण होऊन विचारलं, की पहिलं वाक्य ठरलेलं, "मी कायबी दाबलो न्हाई गं. आपोआप झालंय."

माझं माहेर साताऱ्याचं, त्यामुळं लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा बायका पण "आलो, गेलो, केलो" म्हणतात याचं नवल वाटायचं, आता माझ्याही तोंडात कधीकधी येतं. पण आईंचं हे "दाबलो न्हाई" मला दरवेळी लागायचं. कारण मी त्यांना कधी काही दाबलंत का असं विचारलेलंच नसायचं. मी एवढंच विचारायचे, की आज ताईंचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, फोन झाला का. आणि त्या उत्तर द्यायच्या एखाद्या न केलेल्या चुकीचं.

आमचं घर शिवाजी पेठेत. पुढची बाजू पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पाडून स्लॅबची केली, मागची तशीच जुनी ठेवली, पैसे पण संपले होते आणि मामांचा जीव पण होता त्यात. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि एकदम मागं परसाकडं उघडणारी आईंची खोली. मागच्या भिंती दगड-मातीच्या, दीड हात जाड, उन्हाळ्यात आत आलं की थंडगार वाटतं आणि पावसाळ्यात त्याच भिंतींना गुडघ्याएवढी ओल चढते. फायबरची वायर रस्त्यावरच्या खांबावरनं सोप्यात येते, म्हणून फायबरचा डबा आणि राऊटर सोप्यातच, टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटाला चिकटून. बसवून गेलेल्या माणसानं जिथं प्लग दिसला तिथं बसवलं आणि आम्ही पण तिथंच राहू दिलं, बहुतेक घरांत असंच होतं.

नणंदबाई न्यू जर्सीला असतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आल्या तेव्हा आईंसाठी तिकडनंच एक टॅब घेऊन आल्या, नुसता वायफायवर चालणारा, सिम न लागणारा. ठरलेली वेळ म्हणजे आपल्याकडचे सकाळचे सात, तिकडं उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, त्यांचं जेवणखाण आवरलेलं आणि आईंची देवपूजा झालेली. हा अर्धा तास आईंचा दिवसातला सगळ्यात स्वतःचा अर्धा तास आहे असं मला वाटतं.

आता त्रास असा, की काही दिवस टॅब आईंच्या खोलीत व्यवस्थित चालायचा आणि काही दिवस आमच्या वायफायचं नावच यादीत दाखवायचा नाही. स्पीड कमी, अडकतंय, असं काही नाही, नावच गायब. शेजारच्यांची दोन-तीन नावं दिसायची, आमचं नाही. तोच टॅब सोप्यात आणला की लगेच जोडला जायचा. मग सगळ्यांनी आईंना सांगितलं, की सोप्यात येऊन बसत जा. पण सोप्यातनं सकाळी सातला दूधवाला, पेपरवाला, पोराची क्लासला जायची धांदल, आणि आई-लेकीचं बोलणं काही चारचौघांतलं नसतं. शिवाय मधे तीन उंबरे आहेत आणि आईंचे गुडघे दुखतात. त्या यायच्या दोन-तीन दिवस, मग बंद करायच्या आणि म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे, उद्या बोलतो की."

ज्यांच्याकडनं आम्ही नेट घेतलंय त्यांचा पोरगा येऊन बघून गेला. "वहिनी, भिंत लई जाड हाय, एक्स्टेंडर घ्या." एक्स्टेंडर म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढं पोचवणारा डबा. मला पण पटलं. दीड-दोन हजारांचा खेळ होता, घेतलाच असता. पण त्याच दिवशी दुपारी मी आईंच्या पलंगावर बसून माझ्या फोनवर ऑफिसची मेल बघत होते, वायफायवर, आणि शेजारी पडलेल्या टॅबला आमचं वायफाय दिसतच नव्हतं. एकच पलंग, एकच भिंत, एकच वेळ. भिंत जर आडवी येत असेल तर ती माझ्या फोनला का आडवी येत नाहीये? हा प्रश्न डोक्यात बसला आणि एक्स्टेंडर राहिला.

मामा उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर होते, ऑइल इंजिनचे पार्ट करायचे. वायफाय त्यांना कळतं असं नाही, पण बिघाड कळतो. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाचं बंद पडतंय त्यावेळी आन कुणाचं चालतंय?" आणि दुसरं सांगितलं, "एका टायमाला एकच गोष्ट हलवायची. दोन हलवलीस तर कशानं बरं झालं ते कळत न्हाई, मग ते बरं झालेलं पण कामाचं न्हाई." खिशातली छोटी डायरी काढून त्यांनी मला दाखवली, त्यात गॅस सिलिंडर कधी लावला, पाणी कधी आलं नाही, लाईट किती वाजता गेली असलं सगळं लिहिलेलं असतं. म्हणाले, आजपासनं हे पण लिहूया.

तोपर्यंत "नेट गेलं" म्हटलं की आमच्या घरी एकच उपाय होता, राऊटर बंद करून चालू करायचा. तो उपाय वाईट नाही, बऱ्याचदा लागू पडतो, राऊटर म्हणजे एक लहान कॉम्प्युटरच आहे आणि महिनोन् महिने चालू राहून त्याच्या मेमरीत कचरा साठतो. पण त्यानं आजार काय होता ते पुसून जातं. म्हणून मी ठरवलं, की आधी बघायचं, मग बंद करायचं.

बघायचं म्हणजे काय, तर नेट कुठपर्यंत पोचतंय आणि कुठं तुटतंय. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा असतो, तो लाल झाला असेल तर बाहेरनं उजेडच आत येत नाहीये, वायर कुठं तरी तुटली किंवा वाकली, मग घरात कुणी कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, सरळ फोन करायचा. दिवे ठीक असतील तर लॅपटॉपच्या काळ्या खिडकीतनं, कमांड प्रॉम्प्ट म्हणतात तिला, आधी राऊटरला हाक मारायची, पिंग म्हणतात त्याला, आमच्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. तिथनं उत्तर आलं तर लॅपटॉप ते राऊटर हा रस्ता ठीक. मग बाहेर हाक मारायची, ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता लक्षात राहायला सोपा आहे. तिथनंही उत्तर आलं आणि तरी वेबसाईट उघडत नसेल, तर नावावरनं पत्ता शोधून देणारी सोय, डीएनएस, तेवढी अडलीये. आणि कधी लॅपटॉपला मिळालेला पत्ताच १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर समजायचं की राऊटरनं पत्ता दिलाच नाही, विंडोजनं आपला आपण घेतलाय, तेव्हा वायफायला जोडलंय असं दिसतं पण पुढं काहीच हलत नाही. या सगळ्याला पाच मिनिटं पण लागत नाहीत. पण ही पाच मिनिटं घातली की "नेट गेलं" या एका वाक्याचे चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा माणूस लागतो.

नवऱ्याचं दुखणं लवकर सापडलं. त्याचा प्रिंटर जुना, नवा राऊटर आल्यापासनं तो जोडायलाच तयार नव्हता, पासवर्ड बरोबर टाकला तरी नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीला फक्त डब्ल्यूपीए ३ निवडलेलं होतं. ही पद्धत २०१८ सालची, आणि प्रिंटर त्याच्या आधीचा, त्याला २००४ पासनं चालत आलेली डब्ल्यूपीए २ एवढीच भाषा येते. दोन्ही चालतील अशी मिश्र सेटिंग केली, प्रिंटर सुरू. दुकानातला जुना कॉम्प्युटर घरी आणलाय त्याची तऱ्हा वेगळी, वायफाय जोडलेलं, पिंगला उत्तर येतंय आणि एक पण बँकेची साईट उघडत नाही, सगळीकडं कनेक्शन सुरक्षित नाही अशी पाटी. खाली कोपऱ्यात बघितलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. आतला बटणासारखा सेल संपला होता, त्यामुळं लाईट गेली की घड्याळ मागं जायचं, आणि साईटच्या प्रमाणपत्रावरच्या तारखा जुळल्या नाहीत की ब्राउझर दार उघडत नाही. पन्नास रुपयांच्या आत सेल आला. या दोन्ही गोष्टींत राऊटर बिचारा एकटाच शिव्या खात होता.

पोराचा व्हिडिओ आणि मामांचं कीर्तन मात्र एकाच कारणानं थांबत होतं, आणि ते सापडलं डायरीत. आठ-दहा दिवसांच्या नोंदी झाल्यावर मामांनी बोट ठेवून दाखवलं. लाईट गेली तेव्हा राऊटर बंद पडला, ते बरोबरच आहे. पण तीन वेळा अशा होत्या, की लाईट गेलेली नाही आणि तरी राऊटरचे सगळे दिवे विझून परत लागले. तिन्ही वेळा संध्याकाळच्या, घरातले सगळे जण जोडलेले असतानाच्या.

मामांनी त्यांचा मीटर काढला. राऊटरच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं. मोकळी पिन धरून मोजलं तर १२.२, एकदम व्यवस्थित. मी म्हटलं, हे तर बरोबर आहे. ते म्हणाले, "मोकळं असताना सगळंच बरोबर दाखवतंय. लोड दे आन मग बघ." मग त्यांनी वायर थोडी सोलून राऊटर चालू ठेवूनच मोजलं. मी पोराला सांगितलं व्हिडिओ लाव, टीव्ही लावला, माझा लॅपटॉप लावला. आकडा ११ च्या खाली आला, मग १०.४, आणि आमच्या डोळ्यांदेखत दिवे विझले. अ‍ॅडॅप्टर थकला होता. आतले कपॅसिटर उष्णतेनं वाळत जातात, तो बाहेरनं दिसतो तसाच दिसतो, हातात घेतला तर गरमपणा सोडून काही कळत नाही. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा नवा आणला, पिन तशीच बघून घेतली, आणि राऊटर बसल्या जागी मरायचा थांबला.

सगळे खुश झाले. आणि आईंचा टॅब मात्र पूर्ण बंद पडला.

आधी दोन दिवस चालायचा, एक दिवस नाही, असं होतं. आता सलग नऊ दिवस त्यांच्या खोलीत वायफायचं नाव उगवलंच नाही. आई म्हणाल्या, "तुमी सगळ्यांनी एवढं केलासा, मलाच येत न्हाई त्यातलं. सोड आता." मला त्या दिवशी खरंच रडू आलं. कारण ही बाई वीस वर्षं घरी शिलाई मशीन चालवत होती. पेठेतल्या निम्म्या पोरींचे परकर-पोलके यांनी शिवले. मशीनचा टाका सुटायला लागला की नुसत्या आवाजावरनं सांगायच्या, की बॉबिनचा स्क्रू ढिला झालाय का सुई वाकलीये का पट्टा सैल पडलाय. खाली वाकून, झाकण काढून, दोऱ्याचा गुंता चिमटीनं काढून परत तेलाचे दोन थेंब सोडून मशीन सुरू. तेव्हा कधी कुणापुढं त्या "मी कायबी केलो न्हाई" म्हणाल्या नसतील. मशीनचा बिघाड डोळ्यांना दिसायचा, हाताला लागायचा, त्यामुळं तो मशीनचा असायचा. टॅबमध्ये बघायला काही नाही, उघडायला झाकण नाही, आणि बाकी सगळ्यांचं तर चाललंय, मग उरतं कोण? मग बिघाड आपल्यातच असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि आम्ही घरातल्यांनी "सोप्यात या" म्हणून त्यावर शिक्का मारला.

मामा मात्र डायरी घेऊन बसले होते. म्हणाले, "हे बरं झालं. रोग एका जागी थांबला." मला आधी कळेना. मग त्यांनी विचारलं, "आदी राऊटर मरून उठायचा, तवा कदी टॅब चालायचा, कदी न्हाई. आता मरत न्हाई, तर टॅब कायमचा बंद. मग उठताना तो काय तरी बदलत असणार. काय बदलतो?"

राऊटर उठताना काय बदलतो. हे एकदा कुणीतरी विचारलं आणि मग उत्तर दहा मिनिटांत आलं. चॅनल बदलतो. आमच्या राऊटरचा चॅनल ऑटोवर होता, म्हणजे सुरू होताना तो आजूबाजूला ऐकतो आणि कुठं गर्दी कमी आहे तिथं जाऊन बसतो. माझ्या फोनवर वायफायच्या लहरी दाखवणारं फुकटचं अ‍ॅप घेतलं आणि आईंच्या खोलीत उभी राहिले. स्क्रीनवर टेकड्यांसारखे उंचवटे दिसतात, एकेक घराचा एकेक. शेजारचे सगळे १ वर, ६ वर नाहीतर ११ वर, एकमेकांवर चढलेले. आणि आमचा एकटा उजवीकडं लांब, १३ वर.

हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. आमचा राऊटर एकाच नावानं दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. त्यातला २.४ चा जो पट्टा आहे, त्यात आपल्याकडं १ ते १३ असे चॅनल आहेत, पहिला २४१२ मेगाहर्ट्झला, तेरावा २४७२ ला, मधे पाच-पाचचं अंतर. पण एक वायफाय बोलायला लागलं की साधारण वीस मेगाहर्ट्झ जागा व्यापतं, त्यामुळं शेजारचे दोन चॅनल एकमेकांत सांडतात. पूर्ण वेगळे राहायचे तर १, ६ आणि ११ हेच तीन सोयीचे. एकाच चॅनलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीनं तरी बोलतात, अर्धवट एकमेकांवर चढलेले मात्र नुसता गोंगाट करतात. आमच्या राऊटरनं तिन्ही ठिकाणी गर्दी बघितली आणि कडेचा १३ धरला, त्याच्या परीनं त्याचं बरोबरच होतं. माझा फोन इथला, त्याला १३ माहीत. पण अमेरिकेत १२ आणि १३ वर फार कमी ताकदीनं बोलायचं बंधन आहे, म्हणून तिकडं विकायची बरीच उपकरणं १ ते ११ एवढंच बघतात, पुढं बघतच नाहीत. नणंदबाईंनी मायेनं तिकडनं आणलेला टॅब ११ पर्यंत शोधायचा आणि थांबायचा. आणि सोप्यात का चालायचा? तिथं त्याला त्याच नावाचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मिळायचा, तो वेगानं जास्त पण भिंतींपुढं लवकर हरणारा, आईंच्या खोलीपर्यंत पोचायचाच नाही. म्हणजे भिंतीचा पण हात होता, पण अर्धाच.

मी चॅनल ऑटोवरनं काढून १ वर ठेवला, तिथं त्यातल्या त्यात दोनच टेकड्या होत्या. मिनिटभरात आईंच्या टॅबवर आमचं नाव आलं आणि आपोआप जोडलं पण गेलं. मी ओरडलेच. मामा म्हणाले, "परत तेरावर टाक." मला वाटलं कशाला आता, चाललंय तर. पण टाकला. नाव गेलं. परत १ वर आणला, नाव आलं. "आता लिव्ह," म्हणाले. डायरीत ती तारीख आहे आणि पुढं लिहिलंय, तेरा बंद, एक चालू, दोनदा बघितलं.

आई हे सगळं पलंगावर बसून बघत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं, "आई, तुमचं कधीच काही चुकलं नव्हतं. या टॅबला आपल्या राऊटरची जागाच माहीत नव्हती." त्या काही बोलल्या नाहीत, टॅबच्या काचेवरनं पदरानं हात फिरवला आणि मग विचारलं, "मग मी सोप्यात गेलो न्हाई तरी चालतंय?"

नाव दिसायला लागलं तरी चित्र मधेमधे फाटायचं, कारण सिग्नल अशक्तच होता. त्याचं मोजमाप उणे आकड्यात असतं, डीबीएम म्हणतात, राऊटरच्या शेजारी उणे ३५-४० आणि लांब जाल तसा आकडा वाढत जातो, वाढला की वाईट. तीननं वाढला की ताकद निम्मी, दहानं वाढला की दहावा हिस्सा. हे घरात कुणाला सांगायचं कसं याचा विचार करताना मला पंचगंगा आठवली. आमच्याकडं लहान पोराला पण राजाराम बंधाऱ्याचे आकडे पाठ असतात, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मी आईंना म्हटलं, व्हिडिओ कॉलला ६७ ही इशारा पातळी धरा आणि ८० ही धोका. पुढचं उणेबिणे विसरून जा. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मग एका रविवारी आम्ही घर मोजलं. माझा फोन आईंच्या हातात, एक हात भिंतीला धरून त्या सावकाश चालायच्या, थांबायच्या, आकडा स्थिर व्हायची वाट बघायच्या आणि मोठ्यानं सांगायच्या, मामा डायरीत लिहायचे. सोपा ३८. माजघर ५८. स्वयंपाकघराचा उंबरा ६९. मग खोलीत, पलंगाजवळ ७७. "धोक्याला तीनच फूट कमी," आई म्हणाल्या. देवघराच्या कोनाड्याजवळ ८२. परत पलंगाकडं येताना त्या दाराच्या चौकटीत थांबल्या, तिथं ७१ आला, एक पाऊल बाजूला भिंतीआड सरकल्या तर ७८. दोनदा तसं करून बघितलं आणि म्हणाल्या, "दारातनं येतंय बघ ते. भिंतीतनं न्हाई."

जुन्या घरांत दारं एका ओळीत असतात, सोप्यात उभं राहिलं तर परसातला पेरू दिसतो. राऊटर लोखंडी कपाटामागं त्या ओळीच्या बाहेर पडला होता, आणि लोखंड तर लहरी परतच लावतं. मग फायबरचा डबा जागेवरच ठेवला, राऊटर तेवढा दहा मीटर लॅन केबलनं पुढं आणला, ही केबल १०० मीटरपर्यंत चालते त्यामुळं दहाला काही होत नाही. माजघराच्या दारावर फळी होती, तिथं पूर्वी ट्रांझिस्टर असायचा, त्या फळीवर ठेवला, दारांच्या रेषेत आणि माणसाच्या डोक्याच्या वर. आईंनी परत मोजलं. पलंगाजवळ ६४. एक्स्टेंडर लागला नाही.

जूनच्या शेवटाला पाऊस लागला, भिंतींना ओल चढली, आणि ओली भिंत लहरी जास्त खाते हे मी वाचलेलं होतं म्हणून मला धाकधूक होती. आईंनी मोजून सांगितलं, ६६, अजून इशाऱ्याच्या आत. रोज सकाळी पूजा झाली की त्या आधी माझा फोन मागून घ्यायच्या, आकडा बघायच्या आणि मग टॅब लावायच्या. त्याची आता गरज नाही हे मी सांगितलं नाही.

नणंदबाईंना पावसाळ्यात झोप लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत पाणी आलं तेव्हा त्या तिकडं होत्या, निम्मं शहर पाण्यात, हायवे बंद, लाईट नाही, आणि आमचा फोन लागत नव्हता. आमच्या गल्लीत पाणी येत नाही हे त्यांना माहीत आहे, इथंच वाढल्यात त्या, पण लांब असलं की माहीत असून उपयोग नसतो. तेव्हापासनं पाऊस वाढला की त्या रोज पातळी विचारतात. नेटवर दिसते ती त्यांना, तासातासाला. तरी आईंच्या तोंडनं ऐकायची असते.

परवा सकाळी मी चहा घेऊन आत गेले तर टॅब शेवयांच्या डब्याला टेकवून ठेवलेला, बाहेर परसात पावसाचा आवाज, त्यामुळं आई जरा मोठ्यानं बोलत होत्या. चित्र स्वच्छ होतं, ताईंच्या मागं त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. मधेच एकदा चित्र थांबलं. मी दारातच उभी राहिले. आईंनी टॅब उचलला नाही, बंद केला नाही, चष्मा वर सरकवून नुसत्या बघत राहिल्या. चार-पाच सेकंदांत ताईंचा चेहरा हलला आणि आवाज आला, "आई, दिसत्येस का?"

"दिसतोय की. तुझ्याकडनंच काय तरी झालं असंल, हितं सगळं बरोबर हाय," आई म्हणाल्या. "हां, तर सकाळी सहाला छत्तीस फूट आठ इंच. अजून इशाऱ्याला अवकाश हाय."